मेक्सिकोच्या जुन्या टपाल तिकिटांचे दाते फोनने कसे मोजायचे?

ऑनलाइन विक्रीच्या पानावर दोन तिकिटं दिसतात. दोन्ही मेक्सिकोची, १८९५ च्या मालिकेतली. दोन्हींवर तोच पायी निघालेला पोस्टमन, रंगही तोच. एकाची किंमत वडापावच्या आसपास, दुसऱ्याची त्याच्या कितीतरी पट. वर्णनात फरक एका आकड्याचा: पहिल्यापुढे 'पर्फ १२' लिहिलंय, दुसऱ्यापुढे 'पर्फ ६'. विक्रेत्याने तो आकडा मोजून लिहिलाय की अंदाजाने, हे पैसे भरण्याआधी तुम्हाला स्वतः तपासता येतं. त्यासाठी खिशातला फोन, थोडं गणित आणि एक जुनं प्लॅस्टिक कार्ड पुरतं. पण हे मोजमाप दिसतं तितकं सरळ नाही. मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या आकड्यावर खुश होतो, तो किस्सा पुढे येईल.

पर्फ १२ म्हणजे काय?

टपाल तिकिटं मोठ्या कागदावर एकत्र छापतात. एकेक तिकीट हाताने फाडता यावं म्हणून दोन तिकिटांच्या मधे बारीक छिद्रांची रांग पाडतात. तिला म्हणायचं पर्फोरेशन. तिकीट फाडलं की प्रत्येक छिद्राचा अर्धा भाग कडेला राहतो आणि दोन अर्ध्या छिद्रांमधला कागद दातासारखा पुढे येतो. म्हणूनच मराठीत आपण त्याला दातेरी कड म्हणतो. मोजण्याची पद्धत शोधणाऱ्यालाही दातच सुचले होते. पॅरिसचे डॉक्टर लग्राँ यांनी १८६६ मध्ये जी मोजपट्टी मांडली तिचं नाव ओडोंटोमीटर, म्हणजे शब्दशः दात मोजणारं साधन. त्यांचा नियम आजही जगभर चालतो: २ सेंटीमीटर लांबीत जितकी छिद्रं बसतात, तो त्या तिकिटाचा पर्फ. २ सेंमीत १२ बसली तर पर्फ १२, ६ बसली तर पर्फ ६. आकडा मोठा म्हणजे दाते बारीक.

आडव्या आणि उभ्या कडांचा आकडा वेगळा असेल तर दोन आकडे लिहितात, आणि आडव्या कडेचा आधी. 'पर्फ ६ × १२' म्हणजे वर-खाली ६, डावी-उजवीकडे १२. हा क्रम लक्षात ठेवा, कारण मेक्सिकोच्या बाबतीत ६ × १२ आणि १२ × ६ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेते त्यांची सर्रास अदलाबदल करतात.

मेक्सिकोच का?

कारण इथे दात्यांमागे गोष्ट आहे. मेक्सिकोची पहिली तिकिटं १८५६ मध्ये आली. त्यांच्यावर स्वातंत्र्यलढा सुरू करणारे पाद्री मिगेल इदाल्गो यांचं चित्र होतं, आणि त्यांना दातेच नव्हते. पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा. या तिकिटांवर आणखी एक मजेशीर सुरक्षा होती: ज्या जिल्ह्यात विकायची त्याचं नाव वर वेगळं छापायचे. वाटेत गठ्ठा लुटला गेला तरी नाव नसलेली तिकिटं चोराच्या कामाची नाहीत. दुकानातून उचललेलं, पण ॲक्टिव्हेट न झालेलं सिमकार्ड जसं निरुपयोगी, तसंच. ही पद्धत १८८३ पर्यंत चालली.

मग १८६४. फ्रेंच फौजांनी आदल्या वर्षीच राजधानी घेतली होती आणि अध्यक्ष बेनितो ह्वारेस यांचं प्रजासत्ताक सरकार उत्तरेकडे सरकलं होतं. या सरकारने न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीकडून तिकिटं छापून घेतली. चित्र पुन्हा इदाल्गो यांचंच, पण या वेळी कडेला व्यवस्थित पर्फ १२. मेक्सिकोची ही पहिली दातेरी तिकिटं. त्यांच्यावर सालतियो आणि मोंतेर्रेइ या दोन उत्तरेकडच्या शहरांची नावं छापून ती वापरली गेली. त्याच काळात राजधानीत सम्राट माक्सिमिलियानच्या राजवटीची गरुडाची तिकिटं चालू होती, आणि १८६६ मध्ये खुद्द सम्राटाच्या चेहऱ्याची आली. ही दोन्ही बिनदात्याची. म्हणजे एकाच देशात एका सरकारची तिकिटं फाडायची आणि दुसऱ्याची कापायची. कड बघूनच तिकीट कोणाच्या बाजूचं ते कळावं, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

सम्राट गेल्यावर १८६८ ची समोरून चेहरा दाखवणारी इदाल्गो मालिका आली. १८७२ ला बाजूने चेहरा असलेली आली, तिच्या मागच्या बाजूला निळ्या लाटांसारख्या रेषा आहेत. या दोन्ही मालिका दात्यांसह आणि दात्यांविना, अशा दोन्ही रूपांत मिळतात. इथूनच फसवणुकीला जागा होते, त्यावर शेवटी बोलू.

खरी गंमत १८८६ पासून सुरू होते. मोठा आकडा मधोमध छापलेली साधी दिसणारी मालिका आणि त्यानंतरची १८९५ ची 'मुलितास' मालिका. या नावाचा अर्थ छोट्या खेचरी, कारण तिच्यातल्या काही तिकिटांवर टपाल लादलेलं खेचर आहे. बाकीच्यांवर पोस्टमन, घोडागाडी, आगगाडी आणि अझ्टेक राजा कुआउतेमोकचा पुतळा. या काळातल्या तिकिटांत १२ आहे, ६ आहे, ११ आहे, ५½ आहे, आणि यांच्या जोड्याही आहेत. कॅटलॉगमध्ये एकाच चित्राच्या एकाच किमतीच्या तिकिटाला त्यामुळे कितीतरी नोंदी मिळतात. भरीस भर म्हणून कागदातला वॉटरमार्कही बदलतो, पण आज आपण फक्त कडेपुरतं बोलतोय.

खांबांचा घोळ

प्रोग्रामिंग शिकताना सगळ्यांना एक प्रश्न विचारतात: १०० मीटर कुंपणाला दर १० मीटरवर एक खांब, तर खांब किती? घाईत उत्तर येतं १०. बरोबर उत्तर ११, कारण शेवटाचाही एक खांब लागतो. दाते मोजताना नेमका हाच घोळ होतो, आणि मीही केला.

माझ्याकडे मुलितासचं एक तिकीट होतं. वरच्या कडेवर पहिल्या छिद्राच्या मध्यापासून शेवटच्या छिद्राच्या मध्यापर्यंत अंतर आलं १८.४ मिलिमीटर. कड पूर्ण २० मिमी नसल्यामुळे त्रैराशिक करावं लागणार होतं. छिद्रं मोजली, १२. मग १२ × २० ÷ १८.४, उत्तर १३.०४. पर्फ १३! माझ्या हातातल्या यादीत १३ नव्हतंच. म्हणजे काहीतरी नवीन सापडलं, अशा थाटात मी दोन मित्रांना फोटोही पाठवले. रात्री उशिरा लक्षात आलं की बारा छिद्रांच्या मधे अंतरं अकराच असतात. ११ × २० ÷ १८.४ म्हणजे ११.९६. साधं, भरपूर मिळणारं पर्फ १२.

तर सूत्र असं: छिद्रांमधली अंतरं × २० ÷ मिमीमधली लांबी. छिद्रं नाही, अंतरं मोजायची. आणि लांबी छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंत, कागदाच्या टोकापासून नाही, कारण कोपऱ्याचा दाता जवळजवळ नेहमीच फाटलेला किंवा अर्धवट असतो.

फोनने मोजायचं तर

पहिली गोष्ट, फोनच्या स्क्रीनवर पट्टी दाखवून तिच्यावर तिकीट ठेवायला सांगणाऱ्या वेबपानांवर लगेच विश्वास ठेवू नका. ब्राउझरच्या दृष्टीने १ इंच म्हणजे ठरावीक ९६ 'पिक्सेल', आणि हे त्याचे हिशोबातले पिक्सेल आहेत, तुमच्या काचेवरचे नाहीत. प्रत्येक फोनवर तो इंच वेगळ्या लांबीचा दिसतो. पानाने आधी एखादी खरी वस्तू ठेवून माप जुळवून घेतलं असेल तरच ती पट्टी कामाची.

खरी वस्तू म्हणून सगळ्यात सोयीचं एटीएम कार्ड. जगभरात या कार्डांचा आकार एकच ठरलेला आहे: ८५.६० × ५३.९८ मिमी. शाळेतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीपेक्षा मी यावर जास्त भरवसा ठेवतो. पण फोटोत चालू कार्डाचा नंबर येता कामा नये, मागची बाजूही नको कारण तिथे सीव्हीव्ही असतो. मुदत संपलेलं कार्ड किंवा त्याच आकाराचं साधं सदस्यत्वाचं कार्ड वापरा.

आता फोटो. तिकीट चिमट्याने उचला, बोटांचा घाम जुन्या कागदाला चांगला नाही. खाली काळा कागद ठेवा म्हणजे छिद्रं ठळक दिसतील. कार्ड अगदी शेजारी ठेवा, त्याची छोटी बाजू मोजायच्या कडेला समांतर. फोन साधारण २० सेंमी वर, टेबलाला समांतर धरा. मुख्य लेन्स वापरा. फार जवळ गेलात की काही फोन गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात आणि ती कडांकडे चित्र ताणते. तिकीट आणि कार्ड दोन्ही फोटोच्या मधल्या भागात असू द्या.

यात एक चूक सहज लपते, ती म्हणजे उंची. कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे त्याचा वरचा भाग तिकिटापेक्षा तेवढा कॅमेऱ्याच्या जवळ. जवळची वस्तू मोठी दिसते. २० सेंमीवरून हा फरक ०.३८ टक्के, म्हणजे १२ चं १२.०५ वाचलं जाईल. एवढं चालतं. पण कार्डाऐवजी ३ मिमी उंच कडेची जाड पट्टी ठेवली तर फरक दीड टक्का होतो आणि १२ चं १२.१८ होतं. उपाय अगदी साधा: तिकिटाखाली दुसरं तसंच कार्ड ठेवा. दोन्ही एका पातळीवर आले की हिशोब मिटला.

फोटो कॉम्प्युटरवर किंवा फोनवरच्या एखाद्या एडिटरमध्ये उघडा, जिथे बोट ठेवलं की पिक्सेलचा क्रमांक दिसतो. समजा ५३.९८ मिमीची बाजू २१५९ पिक्सेल भरली. म्हणजे १ मिमीला ४० पिक्सेल. कार्डाचे कोपरे गोल असतात, म्हणून माप बाजूच्या मधोमध घ्या. मग छिद्रांचे मध्य नोंदवा. समजा ते आले ४१, १०८, १७४, २४२, ३०८. अंतरं ६७, ६६, ६८, ६६. म्हणजे सरासरी ६६.७५ पिक्सेल, किंवा १.६७ मिमी. २० ला त्याने भागलं की ११.९८. इथे पाचच छिद्रं घेतली, तुम्ही सगळी घ्या. सगळ्या बिंदूंमधून एक सरळ रेषा बसवली तर टोकाच्या दोन छिद्रांतली चूक सगळ्या उत्तरावर बसत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे 'स्लोप' नावाच्या फंक्शनने एका ओळीत होतं. आमच्या कामात याला लीस्ट स्क्वेअर्स म्हणतात, पण नाव विसरलात तरी चालेल.

फोटोच्या माहितीत लिहिलेला '७२ डीपीआय' हा आकडा मात्र पूर्ण दुर्लक्षित करा. कॅमेऱ्याला तिकीट किती दूर आहे हे त्यातून कळलेलं नसतं, तो नुसता भरायचा म्हणून भरलेला रकाना आहे. फ्लॅटबेड स्कॅनरचं तसं नाही. तिथे ६०० डीपीआय म्हणजे खरोखर इंचाला ६००, त्यामुळे २० मिमी म्हणजे सुमारे ४७२ पिक्सेल. तरी एकदा कार्ड आडवं आणि उभं स्कॅन करून खात्री करा, कारण दिवा सरकतो त्या दिशेला काही स्कॅनर किंचित चुकतात.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालेल का? चालेल. फोटो लहान झाला तर तिकीट आणि कार्ड सारख्याच प्रमाणात लहान होतात, गुणोत्तर बदलत नाही. फक्त कडा पुसट होतात, म्हणून शक्य असेल तर विक्रेत्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

फोटोत माप नसेल तर?

बहुतेक विक्रेत्यांच्या फोटोत पट्टी नसते. तरीही बरंच कळतं. ६ × १२ असा दावा असेल तर मिमीची गरजच नाही: वरच्या कडेवरचं दोन छिद्रांमधलं अंतर बाजूच्या कडेवरच्या अंतराच्या दुप्पट असलं पाहिजे. फोटो सरळ काढला असेल तर हे नुसत्या डोळ्याने दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे त्याच मालिकेचं एखादं स्वस्त तिकीट स्वतःजवळ ठेवायचं. तेच चित्र, त्याच किमतीचं. चौकटीची रुंदी दोन्हींवर जवळपास सारखीच, म्हणून तीच तुमची पट्टी. तुमच्या तिकिटावर चौकटीच्या रुंदीत किती अंतरं बसतात, विक्रेत्याच्या फोटोत किती, एवढं मोजा.

हे मार्ग किती अचूक हवेत? ५½ आणि ६ मधला फरक छोटा वाटतो, पण दाते मोठे असल्यामुळे पाच अंतरांची लांबी एकात १८.२ मिमी आणि दुसऱ्यात १६.७ मिमी होते. दीड मिमी! ११ आणि १२ मध्येही दहा अंतरांवर नेमका हाच दीड मिमीचा फरक पडतो, कारण ५½ हे ११ च्या निम्मे आणि ६ हे १२ च्या निम्मे. यावरून एक पिन सोडून एक पिन काढली असणार, असा इतिहास रचायचा मोह होतो. आवरा. आकडा छिद्रांमधलं अंतर सांगतो, यंत्राची गोष्ट नाही. ११¾ की १२, असा प्रश्न मात्र फोनवर सोडवू नका. तिथे २ सेंमीत फक्त ०.४ मिमीचा फरक असतो आणि जुना कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो. अशा कामाला स्टॅनली गिबन्सची 'इन्स्टंटा' पट्टी बरी. पारदर्शक प्लॅस्टिकवर एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या रेषा असतात, तिकिटावर ती वर-खाली सरकवायची, सगळी छिद्रं रेषांवर बसली की दशांशात आकडा वाचायचा. बॅटरी लागत नाही.

कॅटलॉगमधलं १२ हे स्वतःच गोळाबेरीज असतं, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकन यंत्रांच्या पिना इंचाच्या हिशोबाने बसवलेल्या असत. म्हणून रिचर्ड किउसालस यांनी १९६० च्या दशकात अंतर थेट इंचाच्या हजाराव्या भागात वाचणारी पट्टी आणली. तिच्यावर अमेरिकन पर्फ १२ चं अंतर ६६ येतं, त्याचा पर्फ काढला तर ११.९३. कॅटलॉग त्यालाच १२ म्हणतं. तेव्हा तुमचं उत्तर ११.९ किंवा १२.१ आलं म्हणून दुर्मिळ प्रकार सापडला असं समजू नका.

आकडा बरोबर, तिकीट खोटं

आता १८६८ आणि १८७२ च्या मालिका. दातेवाली आणि बिनदातेवाली, दोन्ही खरी आहेत, म्हणून एकाचं दुसरं बनवण्याचा मोह लोकांना दीडशे वर्षं होतोय. दातेवाल्या तिकिटाच्या चारही कडा कापल्या की ते 'बिनदात्याचं' होतं. पकडायची खूण समास. खऱ्या बिनदात्याच्या तिकिटाला चारही बाजूंनी चांगला रुंद समास हवा, दातेवाल्या तिकिटात मावणार नाही इतका. चौकटीला घासून कापलेलं एकटं तिकीट काहीच सिद्ध करत नाही. जोडी असेल, दोन तिकिटं न फाडलेली, आणि मधे छिद्रं नसतील, तर गोष्ट वेगळी.

उलट प्रकार म्हणजे बिनदात्याच्या तिकिटाला नंतर दाते पाडणं. इथे पर्फ तंतोतंत १२ येऊ शकतो, कारण बनावट करणाराही तोच कॅटलॉग वाचतो. म्हणून फोनचा झूम दात्यांच्या टोकांवर न्या. कागद फाडून वेगळा झाला असेल तर टोकाला धागे सुटलेले दिसतात. सगळी टोकं ब्लेडने कापल्यासारखी स्वच्छ असतील तर शंका घ्या. समोरासमोरच्या दोन कडा एकमेकींना समांतर आहेत का आणि दोन्हींवर छिद्रांचा व्यास सारखा आहे का, तेही बघा. पर्फ ६ वर तर हे आधी तपासा, कारण पर्फ १२ च्या रुंद समासाच्या तिकिटाच्या कडा कापून नवीन मोठे दाते पाडलेले असू शकतात. अशा वेळी तिकीट नेहमीपेक्षा अरुंद भरतं. तुमच्याकडचं स्वस्त तिकीट इथे पुन्हा उपयोगी पडतं: दोन्हींची पूर्ण रुंदी शेजारी ठेवून तुलना करा.

महाग तिकीट घ्यायचं असेल तर फोनवर थांबू नका. मेक्सिकोच्या तिकिटांचा अभ्यास करणारी मेक्सिको-एल्महर्स्ट फिलॅटेलिक सोसायटी इंटरनॅशनल ही संस्था तिकीट तपासून प्रमाणपत्र देते. विक्रेत्याला आधी तीन फोटो मागा: समोरून, मागून, आणि शेजारी त्याच पातळीवर कार्ड ठेवून. तिसरा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या 'पर्फ ६' साठी पर्फ १२ चीच किंमत बोला.